खूण पटल्याशिवाय उतरू नये

आषाढ लागला की आमच्या जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातले डोंगर नुसते नावाला उरतात. असतात जागच्या जागी, पण दिसत नाहीत. सकाळी दार उघडावं तर अंगणातला आंबासुद्धा धुक्यात गेलेला. पाऊस झिम्माड, वारा उलटासुलटा, आणि खाचरांत आवणीची घाई. बायामाणसं इरलं नाहीतर घोंगडी डोक्यावर घेऊन वाकलेली, गुडघाभर चिखलात. संध्याकाळी ओली माणसं चुलीभोवती गोळा व्हायची आणि अंधार पडला की वाडीत दिवा दिसायचा नाही. रॉकेल जपून वापरायचं, आणि आवणीच्या दिवसांत जागायला बळ तरी कुणाकडं असायचं!

या धुक्याचा आमच्याकडं एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण गुरं राखणाऱ्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे पाळायचे. आमचा आजा तो असा सांगायचा, "धुक्यात पाय उचलायचा न्हाई, पोरा. खूण पटली तर पुढं. न्हाई पटली तर हाय तिथंच बूड टेकायचं. अंदाजानं चालनारा कड्याखाली जातो."

खूण म्हणजे काय? वाटेवरचा एखादा वाकडा हिरडा, दोन कातळांमधली पाण्याची रेघ, कारवीच्या रानात मोडलेली पायवाट. माणूस कितीही वर्षं त्या वाटेनं गेलेला असो, ही खूण हाताला लागेपर्यंत तो मानायचा नाही की आपण अमुक ठिकाणी आलो. कारण धुकं माणसाला वाट विसरायला लावत नाही. वाट बरोबर चाललीय असं वाटायला लावतं, आणि धोका त्यातच असतो.

हा कायदा ज्यांना कुणी सांगितला नव्हता अशी ९४ माणसं १९६२ साली एका रात्रीत आमच्या डोंगरावर गेली. मी त्या रात्रीनंतर काही वर्षांनी जन्मलो. मला जे ठाऊक आहे त्यातलं काही आज्यानं आणि थोरल्या चुलत्यांनी सांगितलेलं, आणि बाकीचं मोठा झाल्यावर छापील कागदांतून वाचलेलं. दोन्ही एकापुढं एक ठेवल्यावर मला ती रात्र खरी समजली.

तारीख ७ जुलै १९६२. वार शनिवार, पण तो लागून दहाच मिनिटं झाली होती. आषाढाचा पहिलाच आठवडा, कोवळी चंद्रकोर केव्हाच मावळलेली. वर ढग, खाली ढग. अलितालिया या इटलीच्या कंपनीचं विमान क्रमांक ७७१ ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून निघालेलं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे मुक्काम करत ते मुंबईला यायचं होतं आणि इथून कराची, तेहरान करत रोमला जायचं होतं. डग्लस कंपनीचं डीसी-८, चार जेट इंजिनांचं, त्या काळातलं अगदी नव्या धर्तीचं विमान. आत ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. बँकॉक सोडून त्यांना तीन तासांच्या वर झाले होते आणि मुंबई आता आलीच, अशी सगळ्यांची समजूत.

आता ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं भूगोलाचं सांगतो. पूर्वेकडून मुंबईला यायचं म्हणजे आधी देश लागतो. देश हा मुळातच उंच. जुन्नर शहरच समुद्रापासून सव्वादोन हजार फुटांवर बसलेलं आहे. त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला सह्याद्रीचे उभे डोंगर. हरिश्चंद्रगड तर साडेचार हजार फुटांच्याही वर. मग एकदम कडा तुटतो, आणि खाली कोकण. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की हा तुटलेला कडा बघताना आजही पोटात गोळा येतो. कोकण उतरलं की मग समुद्र, आणि समुद्राच्या काठी मुंबई. म्हणजे समुद्रापासून मोजलेली चार हजार फूट उंची कोकणावर ऐसपैस होते. तीच उंची घाटमाथ्यावर असाल तर मरणाची. आमच्याकडचा बैलगाडीवालासुद्धा सांगेल की घाट उतरल्याशिवाय कोकण लागत नाही.

विमानातल्या माणसाला वाटलं, घाट मागं पडला. त्यानं मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी बोलून उतरायला सुरुवात केली. धावपट्टी जवळ आली अशा हिशोबानं तो खाली खाली येत होता. प्रत्यक्षात विमानतळ ऐंशी किलोमीटरहून जास्त लांब होता. पायी जाणाऱ्याला हे दोन-तीन दिवसांचं अंतर. जेट विमानाला ती दहा मिनिटांची गोष्ट. फरक तेवढाच. दहा मिनिटं आणखी वर राहिलं असतं तर खाली कोकण आलं असतं, मुंबईचे दिवे दिसले असते, आणि त्या ९४ जणांपैकी कुणाला जुन्नर हे नाव जन्मात ऐकावं लागलं नसतं.

रात्री बाराच्या पुढं दहा मिनिटांनी विमान डोंगरावर आदळलं. चौकशीच्या कागदांत त्या जागेचं नाव 'दावंड्याची टेकडी' असं आलं आहे. टेकडी हा शब्द वाचून मला बरं वाटलं नाही. समुद्रापासून साधारण ३६०० फुटांवर असलेल्या गोष्टीला आमच्याकडं कुणी टेकडी म्हणत नाही. पण दूरच्या कचेरीत बसून नकाशा बघणाऱ्याला ती टेकडीच दिसणार. एकही माणूस वाचला नाही.

भारत सरकारनं चौकशी केली. निष्कर्ष थोडक्यात असा निघाला की विमान नेमकं कुठं आहे हे चुकीचं धरलं गेलं आणि त्या चुकीच्या हिशोबावर वैमानिक वेळेआधी खाली उतरला. आपली जागा पडताळून पाहायला रेडिओची जी साधनं हाताशी होती, त्यांचा उपयोग केला गेला नाही. त्या भागासाठी ठरवून दिलेली कमीत कमी सुरक्षित उंची पाळली गेली नाही. आणि त्या वाटेवरच्या डोंगरांची वैमानिकाला पुरेशी ओळख नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला आजाच बोलल्यासारखं वाटलं. रेडिओची साधनं म्हणजे खूण. सुरक्षित उंची म्हणजे हाय तिथं बूड टेकणं. आणि वाटेची ओळख नसणं म्हणजे परमुलखातला पाहुणा रात्री डोंगरात शिरणं. इंजिन ठीक होतं, पंख ठीक होते, चालवणाराही शिकलेला होता. विमान शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या ताब्यात होतं. मोडला होता तो फक्त अंदाज.

वाडीकडची बाजू कागदांत नाही, ती सांगतो. थोरल्या चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. ते तेव्हा विशीत होते. ते सांगायचे, "आवनीनं अंग मोडल्यालं, मेल्यावानी झोपलो व्हतो. आधी वाटलं वरून पान्याचा लोंढा येतोय. मंग अशी दनकन जमीन हालली की गोठ्यातली गुरं दावं तोडाया लागली. आजा उठून बसला नि म्हनला, दरड आली. म्या म्हनलं, दरडीला असा उजेड नसतो."

दरड ही आमच्याकडची ओळखीची भीती. विमान आकाशात बघितलेलं, तेही उन्हाळ्यात, पांढरी रेघ ओढत जाणारं. ते डोंगरावर येऊन पडू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रात्री वर जायचा प्रश्नच नव्हता. पाऊस कोसळत होता, हाताला हात दिसत नव्हता, ओढे भरून चाललेले. तांबडं फुटलं तसे मग आसपासच्या वाड्यांमधले गडी निघाले. अंगावर घोंगडी, हातात काठी आणि कोयता. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून चढायचं म्हणजे काय, ते ज्यानं चढलंय त्यालाच ठाऊक. एक पाय घट्ट होईपर्यंत दुसरा उचलायचा नाही.

वर काय बघितलं याबद्दल तात्या फार बोलायचे नाहीत. पोरं खोदून विचारायची तेव्हा एवढंच म्हणायचे, "मानसं व्हती. आपल्यावानीच." मग विडी पेटवायचे. एकदा फक्त एवढं बोलले की वर सगळीकडं एक वास होता, तो पावसानंही जात नव्हता, आणि त्या वर्षी पुढं कित्येक दिवस त्यांना चुलीवरच्या तेलाचा वास सोसला नाही. आज्यानं त्या दिवशी वाडीत कुणालाही शेतावर जाऊ दिलं नाही. आवणीच्या ऐन भरात एक दिवस मोडणं म्हणजे पोटावर पाय. पण घरात मयत असताना औत धरत नाहीत, मग ही एवढी मयतं गावाच्या शिवेत असताना कसं धरायचं, असं त्याचं म्हणणं. ती कोण, कुठली, कुठल्या धर्माची, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही.

पुढं मी शहरात शिकायला गेलो तेव्हा कळलं की सह्याद्रीच्या पावसानं घेतलेलं हे एकच विमान नव्हतं. १२ जुलै १९४९ ला डच कंपनी केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईला उतरताना पावसात घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं. ४५ माणसं गेली. त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते; पुलित्झर पारितोषिक मिळालेले एच. आर. निकरबॉकर त्यांतलेच. घाटकोपरचा डोंगर म्हणजे आमच्या मानानं खरोखरच टेकडी. आज तिथं अंगाला अंग लावून घरं आहेत. त्यानंतर तीस वर्षांनी, ४ ऑगस्ट १९७९ ला, इंडियन एअरलाइन्सचं अ‍ॅव्हरो विमान पुण्याहून मुंबईला येताना पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं. तेही ४५ जण गेले. पुणे ते मुंबई हे केवढंसं अंतर! वैमानिक देशातलाच, वाट रोजची. म्हणजे परक्या मुलखाचा पाहुणाच फसतो असंही नाही. घरचा माणूससुद्धा अंदाजावर विसंबला की फसतो.

तिन्ही तारखा बघा. जुलै, जुलै, ऑगस्ट. ढगांनी डोंगर झाकण्याचे, आमच्या आवणीचे दिवस.

परक्या देशाची माणसं आमच्या डोंगरावर आली, तशी आपली माणसं परक्या डोंगरावर गेली, हे कळलं तेव्हा मला या सगळ्याचा दुसरा पदर दिसला. युरोपात फ्रान्स आणि इटलीच्या शिवेवर माँ ब्लां नावाचा डोंगर आहे. आल्प्समधला सगळ्यांत उंच, ४८०० मीटरच्या वर, बारा महिने बर्फात. ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाकडं जाताना खराब हवेत त्याच डोंगरावर आदळलं. आत ४८ माणसं होती. प्रवाशांत बहुतेक भारतीय खलाशी होते, इंग्लंडात जहाजावर कामाला रुजू व्हायला चाललेले. कष्टकरी माणसं, पोटासाठी निघालेली. ज्यांचं सगळं आयुष्य पाण्यावर गेलं, ती बर्फात गेली.

पायथ्याच्या शामोनी गावातले वाटाडे त्यांना शोधायला वर निघाले. त्यांतला रेने पायो हा वाटाड्या बर्फाखाली गेला आणि मेला. ज्यांची भाषा त्याला येत नव्हती, ज्यांचा गाव त्यानं कधी बघितला नव्हता, त्या खलाशांसाठी तो वर चढला होता. आमच्या वाड्यांमधले गडी आणि हा पायो यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही. डोंगरात राहणाऱ्या माणसाला डोंगरावर कुणी पडलं म्हटल्यावर घरात बसवत नाही.

पुढं २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना त्याच माँ ब्लांवर आदळलं. ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते, म्हणून ही घटना आपल्या पुस्तकांत राहिली. भाभांमुळं कटकारस्थानाच्या गोष्टी आजही लोक चवीनं सांगतात. फ्रेंच चौकशीनं जो निष्कर्ष काढला तो मात्र साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच जास्त बोचतो. विमानातलं जागा दाखवणारं एक यंत्र बंद होतं. रडारवर बघणाऱ्या नियंत्रकानं तोंडी सांगितलं की माँ ब्लां अजून पाच मैल पुढं आहे. वैमानिक डोंगर ओलांडला असं समजून उतरू लागला. एकानं पुढं म्हटलं, दुसऱ्यानं मागं समजलं. आमच्या डोंगरावर इटलीचं विमान, इटलीच्या शिवेवरच्या डोंगरावर आपलं विमान, आणि कारण एकच: डोंगर मागं पडला, ही समजूत.

माँ ब्लांचा बर्फ मात्र सगळं परत देतो. हिमनदी दर वर्षी थोडी थोडी खाली सरकते आणि पोटातलं बाहेर टाकते. २०१२ साली भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी सापडली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू, माणकं, नीलम भरलेली एक डबी सापडली. त्यानं ती सरळ पोलिसांच्या हवाली केली. २०२० साली १९६६ च्या जानेवारीतली आपली वर्तमानपत्रं बाहेर आली, अक्षरं वाचता येतील अशी. इतक्या वर्षांनी! आमचा डोंगर असं काही देत नाही. इथं पहिल्या पावसात गवत येतं, दुसऱ्या पावसात कारवी, आणि दहा पावसाळ्यांत जागा इतकी भरून निघते की माहितगार सोबत नसेल तर माणूस तिच्यावरून चालत जाईल आणि त्याला कळणारही नाही.

या मरणांतून जग काहीच शिकलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. डोंगराळ भागात ढगांतून जाताना आसपासच्या सगळ्यांत उंच माथ्याच्या वर दोन हजार फूट मोकळी जागा ठेवायची, हा नियम सगळीकडं पक्का आहे. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या एका डोंगरावर टीडब्ल्यूए कंपनीचं विमान असंच वेळेआधी उतरून आदळलं, ९२ माणसं गेली. त्यानंतर जमीन जवळ आली की ओरडून सांगणारं यंत्र विमानात बसवणं तिथं सक्तीचं झालं. हे यंत्र घडवण्यात आणि सुधारण्यात डॉन बेटमन नावाच्या इंजिनियरचं आयुष्य गेलं. पहिलं यंत्र फक्त खालची जमीन बघायचं, त्यामुळं उभा कडा समोर आला की त्याला उशिरा कळायचं. नंतरच्या यंत्रात साऱ्या जगातले डोंगर नकाशासकट भरले गेले. आता विमान धुक्यात असलं तरी समोरचा डोंगर त्याला आधी दिसतो, आणि यंत्र माणसाच्या आवाजात बजावतं की वर चढ. अशा अपघातांचं प्रमाण त्यानं फार खाली आणलं. आमचा आजा जे सांगायचा, ते आता यंत्र सांगतं. मात्र ऐकायचं की नाही, हे अजून माणसाच्याच हातात आहे.

आता एक गोष्ट आमच्या बाजूची. त्या अपघाताचा अहवाल आहे, विमानाचा मार्ग आहे, मिनिटामिनिटाचा हिशोब आहे. मेलेल्यांची नावं त्यांच्या त्यांच्या देशांत नोंदलेली आहेत. शामोनीत पायोचं नाव लोकांना ठाऊक आहे. आमच्याकडं त्या पहाटे जे वर चढले, त्यांच्यातला विशीतला गडी आज ऐंशीच्या पार गेला. तात्या गेले, आजा तर केव्हाच गेला. पण पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये त्या रात्रीचा आवाज ऐकलेली माणसं अजून पडवीत बसलेली सापडतील. कान गेलेत, डोळे गेलेत, आठवण शाबूत आहे. शाळा-कॉलेजातल्या पोरांनी एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसावं. कोण कुठल्या वाटेनं चढलं, कुणी कुणाला हाक मारली, कुणी आपली घोंगडी काढून कुणावर टाकली, एवढं जरी लिहून घेतलं तरी पुरे. भात पोसवल्यावर माणसं जरा मोकळी होतात; तेव्हा जावं. पुढच्या आवणीची वाट बघू नये.